गाडी माझ्याच दिवशी बंद पडते

३ मार्च, सोमवार

आज परत बंद पडली. ओढ्याचा पूल ओलांडून चढाला लागत होतो, तिथं. गचका नाही, आवाज नाही, चालता चालता गप. डॅशबोर्डचे दिवे पण गेले. हॉर्न मात्र वाजत होता. चावी मागं घेऊन परत फिरवली, लगेच चालू. मागून कुणीतरी म्हणालं, "किसनराव, सेनगाव दिसंल ना आज?" सगळे हसले. मी पण हसलो.

काल गजाननचा दिवस होता. दिवसभरात एकदाही बंद पडली नाही म्हणतो. गाडी म्हणजे प्रवासी जीप, आमच्या दोघांच्या भागीतली. एक दिवस तो चालवतो, एक दिवस मी. रस्ता तोच, गोरेगाव-सेनगाव-हिंगोली. डिझेल तेच. माणसं पण तीच. मग दुखणं माझ्याच दिवशी काहून?

५ मार्च, बुधवार

दोनदा. एकदा स्टँडवरून निघाल्या निघाल्या गतिरोधकावर, म्हणजे सगळ्या गावासमोर.

दुपारी सेनगावला नंबर लागायला वेळ होता. बॅटरीचे टर्मिनल काढले, घासले, ग्रीस लावून परत बसवले. अर्थिंगची पट्टी आवळली. डिझेल कमी पडत असेल तर गाडी आधी गचके खाते, मग मरते. ही गचके खात नाही. हे करंटचंच आहे.

जिजाकाकू रोजच्यासारख्या पुढच्या सीटवर. पायाशी अंड्यांची टोपली. गाडी थांबली की टोपलीवर दोन्ही हात आडवे धरतात. बोलत नाहीत, हात धरतात. ते जास्त लागतं.

६ मार्च

ग.चा दिवस. बिनतक्रार.

संध्याकाळी गाडी दारात लावून गेला. "लावली रे," म्हणून ओरडला, चहाला थांबला नाही. ज्याचा उद्याचा दिवस, त्याच्या दारात आदल्या संध्याकाळी गाडी. बारा-तेरा वर्षं झाली, यात कधी खाडा नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज शोभा झाली. लग्नाचं भाडं होतं, नवरदेव माझ्या गाडीत. वेशीपाशी बँडवाले पुढं, पोरं नाचून राहिलेली, आणि गाडी बंद. नेहमीसारखी लगेच चालू झाली असती, पण नवरदेवाच्या मामानं धीर धरला नाही. "उतरा, धक्का द्या." बाशिंग बांधलेलं पोरगं खाली उतरलं आणि आपल्याच वरातीच्या गाडीला धक्का द्यायला लागलं. कुणीतरी मोबाइलवर काढलं. संध्याकाळपर्यंत गोरेगावात ज्याच्या त्याच्या फोनवर मी.

ग. रात्री आला तेव्हा त्यानं पण बघितलं होतं. "तुह्या हाताला गाडी ओळखंना झाली रे किसना." मस्करीतच म्हणाला. बायकोला, सुनीताला, आवडलं नाही. ती आत निघून गेली.

९ मार्च

गाडी धुतली, आतून पुसली. स्टेअरिंगच्या दांड्यावर, चावी लावतो तिथं जवळच, बोटभर रुंदीचा एक पट्टा चकचकीत झालाय. बाकी सगळी धूळ, तेवढाच साफ. घासून घासून झाल्यासारखा. कशानं कोण जाणे.

एकदा बंद. परत येताना, रिकामी होती. बरं झालं.

११ मार्च, मंगळवार

रफिकभाईकडं गेलो. हिंगोलीत ऑटो इलेक्ट्रिकचं त्याचं जुनं दुकान. तासभर गाडी चालू ठेवली, वायरी हलवल्या, बोनेट आपटून बघितलं. बंद पडायचं नाव नाही. डॉक्टरपुढं गेलं की ताप उतरतो, तसं.

रफिकभाई म्हणाला, "भाई, अभी तो सब बराबर है. जब बीमार होगी तब पकडना पडेगा."

डिझेलच्या पंपावर एक सोलेनाइड असतं. चावी फिरवली की त्याला करंट जातो आणि ते डिझेल सोडतं. करंट गेला की डिझेल बंद, इंजिन बंद. रफिकभाईनं त्या वायरीला जोडून एक बारीक बल्ब माझ्यासमोर काचेपाशी चिकटवला. बंद पडताना बल्ब जळत असेल तर सोलेनाइड खराब. बल्ब पण विझला तर करंटच पोचत नाही.

म्हणजे आता रस्ता बघायचा, आरसा बघायचा आणि बल्ब बघायचा.

१३ मार्च

बल्ब विझला. गाडी आणि बल्ब एकदमच.

फोन केला. रफिकभाईनं सांगितलं तसा दुसरा बल्ब लावला, चावीच्या अलीकडच्या, बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला. आता समोर दोन बल्ब. जिजाकाकू म्हणाल्या, "देवघर करून टाकलं की रे गाडीचं."

१५ मार्च, शनिवार

सापडलं असं वाटतं. खड्ड्यात बंद पडली तेव्हा बॅटरीकडचा बल्ब जळत होता, पुढचा विझला होता. म्हणजे चावीपर्यंत करंट येतो, चावीच्या पुढं जात नाही. दुखणं एक तर चावीच्या स्विचमध्ये, नाही तर स्विचपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीत.

तसाच रफिकभाईकडं. तो म्हणाला, "स्विचच गया होगा." उघडायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. मी आधी ग.ला फोन लावला, भागीची गाडी, विचारल्याशिवाय कसं उघडायचं. ग. म्हणाला, "स्विच म्या दिवाळीलाच बदलला की. नवाकोरा हाय. त्याला हात नका लावू, वायर बघा."

मला आठवेना तो कधी बदलला. पण त्यानं सांगितलं म्हणजे बदलला असेल. रफिकभाई पण म्हणाला, नवा है तो छोडो. सगळी वायर नवी ओढली.

१७ मार्च, सोमवार

एकदाही नाही!

सुनीता बहिणीकडं जाणार होती, कुलपं तिलाच लावायची होती, म्हणून सकाळी चाव्यांचा अख्खा जुडगा तिला दिला आणि नुसती गाडीची चावी घेऊन निघालो. चावीशिवाय त्या जुडग्यात घराची, कोठ्याची, पेटीची चावी आणि आबांच्या, माझ्या वडलांच्या, म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटी. ती वाजली नाही की लोकांना चुकल्यासारखं होतं. काकूंनी विचारलं, "घंटी कुठं गेली?"

चार फेऱ्या. पुलावर, गतिरोधकावर, खड्ड्यांत, कुठंच नाही. वायरच होती. येताना जिलबी आणली. ग.च्या घरी पण दिली. त्याच्या आईनं डोक्यावरून हात फिरवला. ग. म्हणाला, "चला, झालं एकदाचं." जिलबी खाल्ली त्यानं.

१९ मार्च, बुधवार

चार वेळा.

जुडगा परत आला, घंटी वाजायला लागली आणि गाडी परत मरायला लागली. घंटीचा काय संबंध म्हणा. असंच लिहितोय.

सेनगावच्या स्टँडवर दोन मास्तर गाडीत बसलेले. मला स्टेअरिंगवर बसताना बघून उतरले. "आज किसनरावांचा दिवस आहे का, मग आम्ही मागच्यानं येतो." तोंडावर. आपण मेल्यावर लोक काय बोलतील ते जिवंतपणी ऐकल्यासारखं वाटलं.

२० मार्च

ग. आला, ओट्यावर बसला. बराच वेळ माझ्या बकऱ्यांचंच बोलला. मग:

"किसना, तुहं मन लागंना गाडीत. लोकं तुह्या दिवशी बसंना झाले. मी एकट्यानं चालवतो रोज. तू बकऱ्या वाढव. तुहा भाग काय व्हईल ते बसून ठरवू, पाडव्याला."

मी काय म्हणणार? गाडी त्याच्या नावावर, परवाना त्याच्या नावावर. तेव्हा माझी कागदपत्रं धड नव्हती, त्याची होती, म्हणून त्याच्या नावावर घेतली. आमच्यात लिहिलेलं असं काही नाहीच. गाडीच्या स्विचला दोन चाव्या आल्या होत्या, एक त्यानं घेतली, एक मला दिली. तोच आमचा कागद.

"बरं," म्हणालो.

२१ मार्च

सुनीताला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "गाडी तुमच्याच दिवशी कशी बंद पडती, हे त्यायला इचारलं का तुमी कधी?" मी म्हणालो, त्याला काय विचारायचं, तो काय मेकॅनिक आहे? ती म्हणाली, "मी मेकॅनिकचं न्हाई म्हनत."

चिडलो तिच्यावर. आबा गेले तेव्हा तेरा दिवस माझे पण दिवस ग.नं चालवले. शब्द काढला नाही. त्या माणसाबद्दल असं मनात तरी कसं आणायचं?

२३ मार्च, रविवार



पुलापाशी बंद पडली. मी चावीकडं हात नेला तेवढ्यात जिजाकाकू, अगदी सहज, टोपलीवरचे हात काढत:

"किसना, तुह्यापाशी रबर न्हाई का रे?"

"कसलं रबर?"

"गजा बांधतो ते. सायकलच्या ट्यूबची पट्टी. चावीला आन् या दांड्याला गुंडाळून टाकतो. मंग ती चावी हालत न्हाई. सकाळी बसल्या बसल्या बांधतो, सांजच्याला काढून खिशात घालतो."

"कवापासून?"

"लई दिस झाले. संक्रातीच्या आधीपासून. मला वाटलं तुला ठाव हाय."

मागं माणसं होती. गाडी चालू केली, हिंगोलीला सोडलं सगळ्यांना, मग एका बाजूला लावली. स्टेअरिंगखालचं झाकण काढलं. स्विचचे दोन्ही स्क्रू गंजून लाल झालेत, वर जुनी धूळ तशीच बसलेली. दिवाळीला बदललेला स्विच असा दिसत नाही. या स्विचला बारा वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

चावी धरून जरा खाली ओढली. दोन्ही बल्ब जळत होते, पुढचा विझला. सोडली, लागला. ओढली, विझला. आतून झिजलाय. माझ्या जुडग्याचं वजन आणि ती घंटी. खड्डा आला की सगळं चावीला लोंबकळतं, चावी हलते, गाडी बंद. त्याची चावी मोकळी, वर रबर बांधलेलं. कशी बंद पडेल?

दांड्यावरचा चकचकीत पट्टा. तो त्या रबरानं झाला होता, आणि मीच पुसून घेतला होता.

संध्याकाळी गाडी त्याच्या दारात लावली. "लावली रे," म्हणून ओरडलो. आवाज नेहमीसारखा निघाला, त्याचंच नवल वाटतंय.

२४ मार्च

त्याचा दिवस. मी बकऱ्या घेऊन माळावर.

त्याला दुखणं माहीत होतं, हे एक वेळ सोडतो. माणूस आपल्यापुरता उपाय करतो, दुसऱ्याला सांगायचं राहून जातं. पण रोज संध्याकाळी ते रबर सोडून खिशात घालायचं, मग माझ्या दारात गाडी लावायची आणि मग ओरडायचं. संक्रांतीपासून. नवरदेवानं धक्का दिला तेव्हा त्याला माहीत होतं. मास्तर उतरले तेव्हा माहीत होतं. जिलबी खाल्ली तेव्हा

२५ मार्च, मंगळवार

सायकलच्या दुकानातून ट्यूबची पट्टी कापून आणली. बांधली. जुडगा तसाच ठेवला, घंटीसकट, मुद्दाम. दिवसभर एकदा पण नाही. एवढंसं रबर. आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू येऊन राहिलं होतं आणि गाडी मस्त पळत होती.

काकू माझ्याकडं बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "माझ्यानं काई चुकलं का रे?"

म्हणालो, नाही काकू, तुमच्यामुळं गाडी सुधारली.

२६ मार्च

त्याच्या घरी गेलो. स्पष्ट विचारायचं ठरवून. त्याच्या आईनं चहा दिला, सुनीताची चौकशी केली, म्हणाली, तुमी दोघं म्हंजी माझे दोन लेकरं. मग माझा धीरच गेला.

त्यानंच विचारलं, "गाडी कशी चालून राहिली?"

"ठीक." मग म्हणालो, "गजा, तो स्विच दिवाळीला कुणाकडून बसवला होता?"

"व्हता एक. वारंगा फाट्यावर." कपाकडं बघत म्हणाला. "काहून?"

"असंच."

एवढंच. बाहेर येऊन चपला घालताना वाटलं, मागून हाक मारेल. एक हाक मारली असती तरी मी सगळं सोडून दिलं असतं, खरंच.

२७ मार्च

रबर बांधून चालवली. संध्याकाळी सोडलं, खिशात घातलं. त्याच्यासारखंच. स्वतःची किळस आली.

२८ मार्च

सुनीता म्हणते, चार माणसं बसवा, बोला. चार माणसांत काय सांगू? रबर सांगितलं नाही म्हणून? हसतील. म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी भागी मोडता? आणि तो म्हणेल, सांगायचं राहून गेलं. त्याचं खरं ठरेल. खोटं एकच निघतं, स्विचचं, आणि त्याला पण तो म्हणेल, चुकून बोललो.

बारा वर्षं मी त्याच्या शब्दावर गाडी चालवली. बाकी काही कधी मागितलं नाही, तो शब्दच माझ्याकडं होता.

२९ मार्च, शनिवार

माझा दिवस. गाडी भरून गेली, भरून आली. ते मास्तर पण बसले, काकूंनीच बोलावून बसवलं त्यांना. "आता बंद पडत न्हाई, बसा."

संध्याकाळी त्याच्या दारात गाडी लावली. चावी काढून घेतली. रबर सोडलं नाही. दांड्याला तसंच बांधून ठेवलं, रिकामं टोक लोंबत. उद्या सकाळी तो बसेल आणि त्याच्या समोरच असेल. मला जे बोलायचं होतं ते तेवढंच आहे.

ओरडलो नाही. तसाच चालत आलो.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. आज बसून ठरवायचं होतं. दुपारपर्यंत वाट बघितली. आला नाही. फोन केला, वाजून वाजून बंद झाला. स्टँडवर एकाला विचारलं, तो म्हणाला, गजाभाऊ आज नंबरलाच आले नाहीत, गाडी घेऊन सकाळीच हिंगोलीकडं गेले, रिकामीच.

बकऱ्या कोंडून आलो तर गाडी दारात उभी. सुनीताला पण कळलं नाही कधी लावली. आज तो पण ओरडला नाही.

३१ मार्च, सोमवार, सकाळ

हे स्टेअरिंगवर वही ठेवून लिहितोय. गाडी अजून दारातच आहे.

बसलो, चावी लावायला गेलो. आत जाईना. उलटी करून बघितली. मग नीट बघितलं. स्विच नवा आहे. खरोखर नवा, भोवतीचं प्लास्टिक काळं कुळकुळीत, स्क्रू चमकतायत. रबर नाही. दांड्यावर एक कण धूळ नाही, कुणीतरी सगळा पुसून काढलाय.

नव्या स्विचला नव्या चाव्या येतात. दोन येतात.

समोरच्या कप्प्यात बघितलं, चटईखाली, सीटखाली, चाकावर हात फिरवला. सुनीतानं उंबऱ्यावर बघितलं, गुढीच्या पाटावर बघितलं. नाही. चावी ज्याची त्याच्याजवळ, ही आमची सवयच, तो सवयीनं घेऊन गेला असेल. पण दोन्ही? आणि मला ठेवायचंच नसतं तर गाडी माझ्या दारात कशाला लावली असती? दुखणं काढलं, गाडी आणून लावली आणि मला आत घेतलं नाही. यातलं कोणतं खरं धरू?

सुनीता म्हणते, जाऊन मागा. त्याचं घर इथून दिसतं. जाईन, पण माझ्याच गाडीची चावी मागायला काय म्हणून जाऊ?

जिजाकाकू उशीर झाला म्हणून स्टँडवरून चालत इथं आल्या. काही न विचारता पुढच्या सीटवर बसल्या, टोपली पायाशी. नवा स्विच बघितला, बोटानं हात लावून.

"नवा बसवला की. मंग चल की रे."

"चावी त्याच्याकडं आहे, काकू."

काकूंनी टोपलीवर दोन्ही हात आडवे धरले, गाडी बंद पडल्यावर धरतात तसे, आणि म्हणाल्या, "येईल. बसू जरा."

आम्ही बसलोय. जुनी चावी माझ्या हातात आहे, जुडगा, घंटी, सगळ्यासकट. त्याच्या घराचं दार उघडं दिसतंय.